सामारियाच्या घळीचा दिवस

त्या सकाळी घळ उघडी होती. एवढं साधं वाक्य. पण ते उच्चारायला मला सात वर्षं लागली, आणि ते लिहिताना आजही मी दोनदा खुर्चीवरून उठलो.

ग्रीसच्या क्रीट बेटावर सामारिया नावाची एक घळ आहे. डोंगराच्या माथ्यावर सुरू होऊन सोळा किलोमीटर उतरत जाते आणि थेट समुद्राशी संपते. माझ्या बायकोला ती चालायची होती. मी तिला सांगितलं, की उन्हाच्या तडाख्यामुळे आज घळ बंद ठेवली आहे. ती बंद नव्हती. आत जाणाऱ्यांची बस मी पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलो होतो.

हा दिवस तिच्यासाठी काय होता हे कळायचं असेल, तर आमच्या रजांचा हिशोब सांगायला हवा. आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहतो, येथे येऊन बावीस वर्षं झाली. त्यांतली पहिली पंधरा वर्षं आम्ही भारताखेरीज दुसरा एकही देश पाहिला नाही, आणि यात आम्ही काही जगावेगळे नव्हतो. ग्रीन कार्डाची रांग सरेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं, तर परतताना व्हिसाचा शिक्का वेळेत मिळेल का ही धाकधूक असे. जी रजा साठे ती आईवडिलांची. एका वर्षी तिच्या आईचा मोतीबिंदू, पुढच्या वर्षी माझ्या वडिलांचं हृदयाचं दुखणं, त्यानंतर भाच्याची मुंज. सहल या नावाखाली आम्ही जे केलं ते भारतातून आलेल्या पाहुण्यांना नायगारा दाखवणं. तो आम्ही नऊ वेळा दाखवला.

नागरिकत्वाची शपथ झाली त्या दुपारी, गाडीत बसता बसता, ती म्हणाली, "आता एकदा फक्त आपल्यासाठी कुठेतरी जाऊ या."

"कुठे?"

"क्रीटला. तिथे एक घळ आहे. बाकी सगळं तू ठरव, मी हूं की चूं करणार नाही. मला फक्त एक दिवस त्या घळीत चालू दे."

ती मूळची पुण्याची. कॉलेजात असताना तिचा एकही रविवार घरी गेला नव्हता. हरिश्चंद्रगड ती नळीच्या अवघड वाटेने चढलेली आहे. मी मुंबईच्या उपनगरात वाढलो, आणि मला उतार सोसत नाही. चढण्याचं भय नाही. उतरताना मात्र पायाखालची जमीन पुढे ओढते आहे असं वाटतं, आणि मी हाताला लागेल ते धरून ठेवतो. लग्न ठरताना तिने विचारलं होतं, "ट्रेकिंग आवडतं का?" मी "हो, वेळ मिळत नाही इतकंच" असं म्हणालो होतो. त्या उत्तरावर मी संसार उभा केला आणि न्यू जर्सीच्या सपाटीने मला सांभाळून घेतलं.

मार्चपासून ती तयारीला लागली. पाठीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांची पिशवी घेऊन ती कालव्याकाठच्या वाटेवर रोज सकाळी चालत असे. इकडे डोंगर नाही, म्हणून शनिवारी हायस्कूलच्या मैदानाच्या पायऱ्या वीस वेळा चढे आणि वीस वेळा उतरे. मी खाली गाडीत बसून तक्ता करत असे.

या तक्त्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण माझं खोटं पुढे त्यातच राहायला गेलं. आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये सहलीला जाण्याआधी कुणी ना कुणी एक्सेलमध्ये शीट करतो आणि परतल्यावर ती दुसऱ्याला देतो. आमच्याकडे ते काम माझं. प्रत्येक ठिकाणापुढे चालण्याची मिनिटं, सावली आहे का, स्वच्छतागृह कुठे, शाकाहारी काय मिळेल. हिरवा रंग म्हणजे चुकवू नये, पिवळा म्हणजे सवड असेल तर, लाल म्हणजे नको. एक मित्र म्हणतो, "याच्या शीटमध्ये शिंकायलासुद्धा पाच मिनिटं राखून ठेवलेली असतात." घळीची ओळ मी हिरवी केली होती. नवव्या दिवशी घळ, दहाव्या दिवशी सकाळी विमान. मध्ये राखीव दिवस नव्हता. तो मी विसरलो की मुद्दाम ठेवला नाही, याचं उत्तर मी स्वतःलाही फार उशिरा दिलं.

पहिले काही दिवस उत्तम गेले. क्नोसोसच्या राजवाड्याचे अवशेष मी पाटी न चुकवता वाचले, आणि ती माझ्यापुढे दोन दालनं राहिली. हानिया शहराच्या जुन्या बंदरात आम्ही एक खोली घेतली होती. कोपऱ्यात शेगडी, बाहेर चिमुकला सज्जा. एके दिवशी ती छोट्या होडीत बसून वल्हवत खडकांमधल्या गुहेत शिरून आली, तोवर मी काठावर सामान राखलं. तिचा रंग रापला होता आणि ती लहान मुलीसारखी एकसारखी बोलत होती. तिच्या आनंदाने मला सुख व्हायला हवं होतं. माझ्या मनात मात्र दिवसांची उलटी मोजणी चालली होती.

सातव्या दिवशी आम्ही बोटीने ग्रामवूसा नावाच्या एका ओसाड बेटावर गेलो. माथ्यावर जुना किल्ला आहे. वीस मिनिटांची चढण. वर पोहोचल्यावर ती तटावरून समुद्र पाहत राहिली. मी म्हणालो, "तू बघ निवांत, मी खाली जाऊन किनाऱ्यावरचं ते फुटलेलं जहाज पाहतो." खरं कारण असं, की उतरताना ती बरोबर नको होती. निम्म्या वाटेवर सुट्या दगडांवरून पाय सरकला, आणि मी खाली बसलो तो बसूनच उतरलो. सत्तरीच्या घरातल्या एक बाई हातातली काठी टेकत माझ्या बाजूने गेल्या आणि त्यांनी हसून काहीतरी धीराचं म्हटलं. भाषा कळली नाही, धीर कळला, आणि तोच मला सोसवला नाही.

मागाहून बायको खाली आली आणि तिने माझे तळहात पाहिले. "हे काय रे, खरचटलं कशाने?"

"काटे होते. फोटो काढत होतो."

वीस मिनिटांच्या वाटेने माझी ही गत केली होती. पुढे होती सोळा किलोमीटरची उतरण, आणि एकदा आत शिरलं की मध्ये बाहेर पडायला रस्ता नाही. टोकाला समुद्र आणि दिवसाअखेरची बोट. त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की मला जमणार नाही, तू जा. ती एकटी आनंदाने गेली असती. हे मला माहीत होतं, आणि कदाचित तेच मला नको होतं. सायंकाळी धुळीने माखून, उजळलेल्या चेहऱ्याने ती परत येईल आणि मी खोलीत बसलेला असेन, हे चित्र मला घळीपेक्षा खोल वाटलं.

आदल्या संध्याकाळी तिने त्या कोपऱ्यातल्या शेगडीवर तिखटामिठाच्या पुऱ्या केल्या. ओवा ती घरून पुडीत बांधून घेऊन आली होती. पहाटे पाचला ती तयार होती. मी म्हणालो, "बसचं बघून येतो, पाण्याच्या बाटल्याही आणतो."

बसस्थानक चार गल्ल्या पलीकडे. बस उभी होती. लोक चढत होते, कुणी जांभया देत होतं, कुणी बुटांचे बंद आवळत होतं. दारातल्या माणसाने मला विचारलं, "सामारिया?" मी मान हलवली. नाही. मग पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि परत निघालो. वाटेत मी थांबलो नाही. थांबलो असतो तर विचार करावा लागला असता.

ती पलंगाच्या कडेवर बसून बुटांचे बंद बांधत होती. दोन्ही पायांचे बांधून झाले होते, वर आणखी एक गाठ मारत होती.

"बंद आहे आज," मी म्हणालो. "ऊन फार चढणार आहे म्हणे. कधीकधी बंद ठेवतात ना."

"कोण म्हणालं?"

"बसवाला."

तिने हातातली गाठ तशीच धरली होती. "उद्या?"

"उद्या विमान आहे."

"पुढे ढकलता येणार नाही?"

"अथेन्सहून पुढचं पण आहे. सगळं एकात एक अडकलंय."

"बरं," ती म्हणाली आणि गाठ सोडू लागली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अरे, तू नको एवढं तोंड पाडूस. तू काय करणार? तू तर सगळं किती नीट जुळवलं होतंस."

तिने माझी समजूत काढली. या संपूर्ण कहाणीत मला सर्वांत जड जातं ते हेच.

त्या दिवशी ती बंदराच्या जुन्या धक्क्यावरून टोकाच्या दीपगृहापर्यंत चालत गेली आणि परत आली. मग पुन्हा गेली. मी एका उपाहारगृहात बसून पाहत होतो. ती चार वेळा गेली. चालायला तयार झालेले पाय होते, त्यांना कुठेतरी चालणं भाग होतं. माझी कॉफी निवली, दुसरी मागवली, तीही निवली. मी उठत होतो, बसत होतो, फोन पालथा ठेवून पुन्हा उचलत होतो. सायंकाळी घळीतून परतणाऱ्या बसची वेळ मला पाठ होती, कारण ती माझ्याच तक्त्यात होती. त्या वेळी मी तिला जेवायला शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला घेऊन गेलो. खोटं एका क्षणात बोलून झालं होतं. ते पुरं करण्यासाठी मी जी आखणी केली, ती मात्र थंड डोक्याने, मिनिटामिनिटाची.

घरी परतल्यावर तक्ता मित्रांना पाठवायचा होता. घळीची ओळ मी लाल केली आणि पुढे लिहिलं, 'भरवसा नाही. ऐनवेळी बंद ठेवतात. दिवस वाया जातो.' तो तक्ता गेल्या सात वर्षांत किमान आठ-दहा कुटुंबांनी नेला. त्यांपैकी एकही घळीत गेलं नाही. "काकांनी लाल केलंय म्हणजे नकोच," असं लोक म्हणत.

आम्ही पुन्हा जाणारच होतो. एका वर्षी माझी नोकरी बदलली, मग जगच घरात बसलं, मग तिचे गुडघे. आधी डावा, मग उजवा. डाव्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, की सपाटीवर हवं तेवढं चाला, लांबचा उतार मात्र आता विसरा. दवाखान्यातून परतताना ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "चला, क्रीटची फाइल बंद." ती हसली. मी रस्त्यावरून नजर हलवली नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच रस्त्यावर राहणारी एक नागपूरची मुलगी तक्ता मागायला आली. जवळच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच युरोपला निघाली होती. चहाचा कप हातात, लॅपटॉप मांडीवर.

"काका, तुमची शीट म्हणजे काय आहे यार! सॉरी, यार नव्हतं म्हणायचं," ती म्हणाली. "पण काका, हे सामारिया रेड का केलं तुम्ही? सगळीकडे तर बेस्ट म्हणून लिहिलंय."

"बेभरवशाचं आहे," मी म्हणालो.

"मग आम्ही ड्रॉप करतो. त्या दिवशी बीच करू. काकू, तुम्ही पण नाही गेलात?"

"बंद होती गं आमच्या दिवशी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "यांनी बिचाऱ्यांनी माझ्यासाठी किती खटपट केली होती. पहाटे उठून चौकशी करून आले. नशिबात नव्हती म्हणायची." मग ती बाहेर आली, हात पुसत. "तू मात्र ड्रॉप करू नकोस हं. काकांच्या शीटचं सगळं ऐक, एवढं ऐकू नकोस. आणि गुडघे आहेत तोवर जा. नंतर मग माझ्यासारखं धरून धरून जिना उतरायचा."

मुलगी हसली. "ओके काकू, डन. तुमच्या वाटचं पण चालते."

ती आठवडाभर क्रीटमध्ये होती, आणि तो आठवडा मी कसा काढला ते लिहायची लाज वाटते. न्यूयॉर्कच्या गाडीत बसलो की फोन काढून मी हानियाचं तापमान पाहत असे. कचेरीत बैठक चालू असताना पाहत असे. एकोणतीस अंश, तीस अंश, वारा मंद. मंगळवारी माझ्या लक्षात आलं, की मी मनातून ऊन वाढण्याची वाट पाहतो आहे. घळ बंद व्हावी, त्या दोघांचा बेत फसावा, म्हणजे सात वर्षांपूर्वीचं माझं वाक्य थोडं तरी खरं ठरेल. दोन निरपराध तरुण माणसांच्या सुट्टीवर विरजण पडावं अशी इच्छा मी करत होतो. उतरायचं स्थानक मागे गेलं तरी मला कळलं नाही. परतीची गाडी धरून घरी आलो, तेव्हा बायकोने विचारलं, "आज उशीर?" मी म्हणालो, "गाडी लेट होती." इतक्या सहज म्हणालो, की माझाच आवाज मला परका वाटला.

शनिवारी सकाळी आम्ही कालव्याकाठी गेलो. ती हळूहळू चालते. अर्ध्या मैलावर एक बाक आहे, तिथे बसते. तिच्या फोनवर फोटो आले होते. त्या मुलीने घळीतल्या सर्वांत अरुंद जागी उभं राहून दोन्ही हात पसरले होते, दोन्ही बाजूंना आभाळापर्यंत गेलेले कडे. खाली लिहिलं होतं, "काकू, हे तुमच्यासाठी. इथला माणूस म्हणाला, सात-आठ वर्षांत उन्हामुळे फार कमी वेळा बंद झाली. तुमचं लकच बॅड!"

बायको फोटो दोन बोटांनी मोठा करून कड्याच्या भेगा पाहत होती. एक पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिल्यावर आली. मी बाकावरून उठलो, पाण्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा उठलो.

"काय चाललंय तुझं?" ती म्हणाली. "आठवडाभर बघतेय. बस ना जरा."

मी बसलो नाही. "तुला काहीतरी सांगायचंय."

"तब्येतीचं?"

"नाही. त्या दिवशी बस उभी होती. लोक चढत होते. मला विचारलंसुद्धा. मी नाही म्हणून परत आलो."

फोनचा पडदा तिच्या हातात आपोआप काळा झाला. समोरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, आणि आम्ही दोघांनीही सवयीने पाय आत घेतले.

"म्हणजे बंद नव्हती?"

"नव्हती."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

मी बोलू लागलो. ऊन खरंच होतं, परतीची बोट चुकण्याचा धोका होता, माझा रक्तदाब त्या वर्षी वाढलेला होता. सात वर्षं घोटून ठेवलेली वाक्यं होती. एकामागून एक व्यवस्थित बाहेर येत होती. तिने हात वर केला.

"हे सगळं तू शीटसारखं बोलतोयस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी एकटी गेले असते. तुला घेऊन गेलेच पाहिजे असं कधी म्हटलं मी? आता पाय नाहीत माझे त्या कामाचे. तुला कळतंय का, तू काय केलंस?"

"कळतंय."

"मग तेवढंच सांग. कारणं नकोत."

मी तिच्या समोर उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत ते सुचेना, म्हणून मागे बांधले, शाळेत उभं केल्यासारखे. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. वाटेवरच्या दोघींनी वळून पाहिलं.

"मला उतरायची भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. ती तुला दिसू नये म्हणून मी खोटं बोललो आणि तुझा दिवस घेतला. तो मला परत देता येणार नाही. माझं चुकलं. मला माफ कर."